बल्लवाची मूठ

कारखान्याच्या भटारखान्यात त्याला बल्लव म्हणायचे, आणि निवृत्त होऊन घरी बसला तरी त्या नावानं काही त्याची पाठ सोडली नाही. जिन्यातली पोरंटोरंसुद्धा बल्लवकाका म्हणूनच हाक मारायची. नाव शोभायचंही त्याला. भरलेले दंड, जाड मिशा, आणि आवाज असा की भट्ट्यांच्या धडधडाटातही पार टोकाला भांडी घासणाऱ्याला ऐकू जावा. दुपारचा भोंगा झाला की शेकडो कामगार बाकांवर येऊन बसायचे आणि बल्लवाच्या हातचं खाऊन पुन्हा यंत्रांपाशी जायचे. पातेली एवढी थोरली की ती घासायला माणसाला आत उतरावं लागे. अशा पातेल्यांवर ज्याची हयात गेली, त्याला आपल्याला स्वयंपाक येतो असं वाटलं तर कोण काय म्हणणार?

खरं म्हणजे बल्लवाला स्वयंपाक येत नव्हता. त्याला शेकड्यांचा स्वयंपाक येत होता. या दोन निराळ्या विद्या आहेत, आणि हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा त्याची बायको हाडं मोजता येतील इतकी वाळली होती.

ती न्हाणीघरात घसरून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी सळई घालून ते नीट बसवलं आणि घरी सोडताना बल्लवाला बाजूला घेऊन सांगितलं, "आमचं काम झालं. आता हाड जुळायचं ते यांच्या खाण्यावर. अंगात ताकद आली तरच उभ्या राहतील. या वयात अंथरूण धरलं की उठणं कठीण असतं, एवढं लक्षात ठेवा."

"खाण्याचीच गोष्ट ना," बल्लव म्हणाला, "मग निर्धास्त राहा, डॉक्टर. लोकांना खायला घालण्यातच जन्म गेला माझा."

घरी आणल्यावर सुरुवातीला शेजारची शिंपीण डबा देत होती. एकटी बाई, दिवसभर मशीनवर वाकलेली, पण बल्लवाच्या बायकोवर तिचा फार जीव. मऊ भात, घोटलेली भाजी, असं काहीतरी गरम घेऊन ती यायची आणि बायको ते निमूट संपवायची. बल्लवाला हे बघवेना. भटारखान्याचा मुख्य तो, आणि त्याच्याच घरात बाहेरचा डबा. त्यानं शिंपिणीला मोठ्या अदबीनं सांगितलं, "ताई, उद्यापासून तसदी घेऊ नका. घरात मी असताना लोक काय म्हणतील?" शिंपिणीनं खाटेकडे पाहिलं. बायको भिंतीकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी बल्लवानं बाह्या सरसावल्या. घरच्या स्वयंपाकघरात तो जवळजवळ परकाच होता. बायकोनं ते आपल्या उंचीच्या मापानं लावलेलं, त्यामुळे वळला की त्याचं डोकं फळीवर आपटे आणि वाकला की कोपर भिंतीला लागे. पातेली बघून तर त्याला हसूच आलं. "यात काय मांजराला रांधायचं?" सगळ्यात लहान उचलून तो पुटपुटला. त्यातल्या त्यात मोठं पातेलं शोधून त्यानं तांदूळ ओतले, नजरेला थोडे दिसले म्हणून आणखी ओतले. थोड्या वेळानं झाकण आपोआप वर उचललं गेलं, मग कलंडलं, आणि भात पातेल्याबाहेर यायला लागला. शेगडी विझली, ओटा भरला. बल्लव दोन्ही हातांनी भात मागे रेटत होता आणि भात काही केल्या ऐकत नव्हता. आतल्या खोलीतून बायकोचा बारीक आवाज आला, "अहो, मदत हवीय का काही?" जसं काही तिला उठताच येत होतं.

अंड्यांनी तर कहर केला. त्यानं ती उकडायला ठेवली आणि बायकोची उशी सारखी करायला आत गेला. भटारखान्यात उकळत्या पाण्याचं पिंप असायचं, ते कधी आटत नसे. घरचं पातेलं आटलं. आधी एक बार उडाला, मग लागोपाठ आणखी. शिंपीण मशीन सोडून धावत आली, तिला वाटलं गॅसच उडाला. बघते तर छताला पिवळं, भिंतीला पांढरं, आणि बल्लव तोंडासमोर झाकण धरून दारात उभा.

"काही नाही, ताई," तो म्हणाला. "अंडी झाली."

त्या दिवशी बायको हसली. हसताना खुब्यात कळ यायची म्हणून मध्येच थांबायची आणि पुन्हा हसायची. पडल्यापासून तिचं हे पहिलंच हसणं. रोज एक-दोन अंडी फोडायला आपली काही हरकत नाही, असं बल्लवाला वाटून गेलं.

सूप मात्र आपल्याला जमलं, अशी त्याची खात्री होती. भाज्यांचं दाट सूप ही त्याची भटारखान्यातली ख्याती. फक्त वाडग्याच्या मापानं त्यानं ते जन्मात कधी केलं नव्हतं. पहिल्या दिवशी एवढं झालं की किटल्या भरभरून जिन्यातल्या प्रत्येक दारी पोचतं करावं लागलं. संध्याकाळी किटल्या घासूनपुसून परत आल्या आणि जो तो म्हणाला, वा बल्लवकाका, काय हात आहे. शिंपीण म्हणाली, "मी तर थेंब ठेवला नाही हो." उरलेलं त्यानं जिन्याखालच्या कुत्र्याला घातलं. कुत्र्यानं दोनदा जीभ लावली, मागे सरला आणि गळक्या नळाखाली जाऊन उभा राहिला. कुत्र्याचं पोट बिघडलेलं दिसतंय, असं बल्लवानं ठरवून टाकलं.

इथे भटारखान्याचा एक नियम सांगायला हवा. रांधणाऱ्यानं चाखायचं नाही. बल्लव नवा होता तेव्हा एकदा त्यानं पळीतलं थेंबभर तळहातावर घेऊन जिभेला लावलं, तर त्याच्या उस्तादानं झारा मनगटावर हाणला होता. "तू केलंयस, तुला ते चांगलंच लागणार," उस्ताद म्हणाला होता. "चाखायला दुसरा माणूस ठेवलाय." आणि खरंच तसा माणूस होता, कोठीवाला. जेवणाआधी तो हात धुऊन यायचा, प्रत्येक पातेल्यातलं वाटीत घेऊन चाखायचा, काही कमीजास्त असेल तर बल्लवाच्या कानाशी लागायचा. बल्लव ते सुधारायचा आणि बाहेर ताकास तूर लागत नसे. मग वाढपाची खिडकी उघडायची. बल्लव रांधायचा तो रंगावर आणि वासावर. मिठाला ना रंग ना वास, ते तो मुठीनं टाकायचा. मूठ त्याची पक्की होती, मोठ्या पातेल्याला ती बरोबर बसायची.

घरी त्यानं मूठ लहान केली. अर्धी केली, त्यातलंही अर्धं परत बरणीत टाकलं. पण भट्ट्यांवर भाजून भाजून तळहात असा निबर झालेला की मुठीत किती उरलं हे त्याचं त्यालाच कळत नव्हतं. आणि घरात कोठीवाला नव्हता. स्वतः केलेलं तो खाईल तर शपथ. दिवसभर नाकातोंडात वाफ गेली की स्वयंपाक्याची वासनाच मरते. सगळे जेवून गेले की उभ्याउभ्यानं पाव आणि चहा, हेच त्याचं जेवण. निवृत्तीनंतरही त्यात फरक पडला नव्हता.

बायको दोन चमचे घ्यायची, फार तर तीन. मग ओठ मिटायची. "छान झालंय," ती म्हणायची, "पण आता नको. भूकच नाही हो." वर पेलाभर पाणी प्यायची. चहात बुडवून पाव तेवढा खायची. बल्लव चमचा धरून बसायचा, विनवायचा, चिडायचा, पुन्हा विनवायचा. भाज्या बदलून पाहिल्या, भात आणखी मऊ केला, बटाटे घोटून दिले. काही करा, दोन चमचे. तिचे गाल बसले, डोळे मोठे दिसायला लागले. अंग पुसताना तिच्या पाठीवरून हात फिरवायची त्याला भीती वाटू लागली.

त्यांची एकुलती लेक परगावी एका कचेरीत कामाला होती. सुट्टी काढून ती भेटायला आली तेव्हा तिनं केळी आणली होती. बायकोनं ती बघता बघता फस्त केली. बल्लवानं दारातून ते पाहिलं. लेकीचं तोंड दिसलं म्हणून हिला भूक लागली, म्हणजे आपल्या तोंडाकडे बघून ती लागत नाही. हे त्याला फार झोंबलं, पण बोलणार कुणाजवळ?

काही दिवसांनी डॉक्टर घरी येऊन बघून गेले. त्यांचा चेहरा उतरला. "हे असं चालणार नाही," ते म्हणाले. "या खात नसतील तर नाकातून नळी घालून अन्न द्यावं लागेल, आणि ते घरी होण्यासारखं नाही." लेकीनं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि तिच्याच गावात एका शुश्रूषागृहात आईसाठी जागा बघितली. रविवारी गाडी घेऊन येते म्हणाली.

"बाबा, तुम्ही केलंत तेवढं कुणी केलं नसतं," ती म्हणाली. "पण आता हट्ट नको."

बल्लवानं फोन बायकोच्या कानाला लावला. बायको थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "बरं. येईन."

एवढंच. नको म्हणाली नाही, घर सोडून कशी येऊ असंही म्हणाली नाही. बल्लव फोन घेऊन स्वयंपाकघरात गेला आणि ओट्याला टेकून उभा राहिला. त्याचा उस्ताद असाच गेला होता. पांढऱ्या चादरीवर, चांगल्या माणसांच्या हातात, नाकात नळी घालून. बल्लव भेटायला जायचा तेव्हा उस्तादाला आपण काय खातोय हेसुद्धा कळत नसे. ही तिथे गेली की परत येणार नाही, हे बल्लवाला उमगलं होतं. आणि हिला परत यायचंच नाही, जगायचंच नाही, असं त्याच्या मनानं पक्कं घेतलं होतं.

रविवारी उजाडल्याबरोबर तो कामाला लागला. आज एक वाडगं पोटात गेलं तर लेकीला दाखवता येईल, बघ, खातेय, राहू दे इथंच. गाजरं बारीक चिरली, बटाटे सोलले, कांदा मंद आचेवर परतला, सगळं उकळून घोटलं. रंग सुरेख आला, वास जिन्यापर्यंत गेला. त्यानं बरणीत हात घातला, मूठ आवळली, निम्मी सोडली आणि बाकीचं टाकलं.

बायकोला त्यानं उशा लावून बसवलं. खुर्ची ओढून समोर बसला. तिनं एक चमचा घेतला. डोळे मिटले. दुसरा घेतला. मग ओठ मिटले.

"आणखी एक."

"छान झालंय हो. पण नको."

"माझ्यासाठी एक."

तिनं मान हलवली. लेक लहान होती तेव्हा बायको तिला भरवायची ते त्याला आठवलं. सुट्टीच्या दिवशी त्यानं ते दारात उभं राहून पाहिलेलं. एक घास तुझा, एक माझा. आई आधी खायची, मग पोर तोंड उघडायची. आता म्हातारपणी हीही सोंगं करायची वेळ आली म्हणायची. त्यानं चमचा भरला.

"हा बघ, हा माझा," तो म्हणाला. "मग तुझी पाळी." आणि चमचा तोंडात घातला.

त्याला ते गिळता येईना आणि बायकोसमोर थुंकताही येईना. समुद्राचं पाणी परवडलं असतं. कसंबसं ते घशाखाली ढकललं तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आपलंच तोंड बिघडलं असेल म्हणून त्यानं वाडग्याच्या दुसऱ्या कडेचं थोडं घेतलं. तेही तसंच. बायको त्याच्याकडे बघत होती. चोरी पकडली गेल्यासारखा तिचा चेहरा झाला होता, वास्तविक चोर ती नव्हती.

"हे रोज असंच असतं?" त्यानं विचारलं.

तिनं नजर चादरीकडे वळवली.

"मी विचारतोय."

"कधीकधी कमी असतं," ती म्हणाली.

बल्लवानं वाडगं खाली ठेवलं. एवढ्या दिवसांचं एकेक त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. ते पेलाभर पाणी, ती केळी, त्या घासूनपुसून परत आलेल्या किटल्या. सगळ्या जिन्याला ठाऊक होतं. शिंपिणीला ठाऊक होतं. कुत्र्यालासुद्धा ठाऊक होतं.

"आणि तू छान म्हणायचीस," तो म्हणाला. त्याचा तो भटारखान्यातला आवाज आता जेमतेम बाहेर पडत होता. "अगं, तुला न्यायला निघालेत. नळी घालणार आहेत तुला. आणि तू बरं येईन म्हणालीस. मेली असतीस ना. मिठापायी मेली असतीस आणि मला कळलंही नसतं. एक शब्द बोलता आला नाही तुला? एवढा राक्षस आहे का गं मी?"

"राक्षस कसले," ती म्हणाली. चादरीची घडी ती बोटांनी सारखी करत होती. "आपलं लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते. तुमची सुट्टी होती. तुम्ही हौसेनं बटाट्याची भाजी केलीत. मी म्हटलं, जरा अळणी झालीय. तुम्ही काही बोलला नाहीत. पळी ठेवलीत आणि बाहेर निघून गेलात. त्यानंतर तुम्ही या स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाहीत. मी पडेपर्यंत."

बल्लवाला हे आठवत नव्हतं. भाजी आठवत नव्हती, पळी आठवत नव्हती, कुठं निघून गेलो तेही आठवत नव्हतं. जे ही बाई जन्मभर मनात धरून बसली ते आपल्याला आठवतही नाही, याची त्याला खरी लाज वाटली.

"मी सगळा जन्म एकटी जेवले हो," बायको म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता, घरातली एखादी गोष्ट सांगावी तसं तिनं सांगितलं. "दुपारी तुम्ही तिकडे लोकांना वाढत असायचात, रात्री दमून पाव-चहावर झोपायचात. आता कुठं तुमचा आवाज स्वयंपाकघरातून येतो. भांडी पडतात, अंडी उडतात. मी पडल्या पडल्या ऐकत असते. मला बरं वाटतं ते. म्हटलं, पुन्हा नाव ठेवलं तर पुन्हा निघून जाल. त्यापेक्षा ते खारट परवडलं."

बल्लव उठला. त्याला रडू येत होतं आणि रडायची त्याला सवय नव्हती, म्हणून तो वाडगं घेऊन स्वयंपाकघरात गेला. मागून बायकोनं घाबरून हाक मारली, "अहो." तो लगेच उलटा फिरला आणि दारातून म्हणाला, "इथंच आहे. मोरीत ओततोय हे."

पातेलं पालथं करणार तोच लेक आली. पायऱ्या चढून तिला धाप लागली होती. हातात आईच्या कपड्यांसाठी रिकामी बॅग, खाली गाडी उभी. बापाचे लाल डोळे बघून तिनं बॅग ठेवली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आईला नेणार म्हणून रडतोय, असं तिला वाटलं.

"बाबा, आईचं तिथं नीट करतील. मी रोज जाईन."

"तिला भूक आहे," बल्लव म्हणाला. "मलाच येत नव्हतं."

लेकीला काही कळेना. त्यानं पातेलं तिच्यापुढे धरलं. तिनं बोट बुडवून जिभेला लावलं, तोंड वाकडं केलं आणि नळाखाली ओंजळ धरली.

"हे तुम्ही आईला देत होता?"

"हो."

"रोज?"

"रोज. आणि ती छान म्हणायची."

लेक स्टुलावर बसली. तिला रागवावं की हसावं हे ठरवता येत नव्हतं, आणि खोलीतल्या आईचे खोल गेलेले डोळे आठवून यातलं काहीच तिला जमलं नाही. "बाबा, माझा भरवसा उडालाय आता," ती शेवटी म्हणाली. "दुपारपर्यंत जागा धरून ठेवणार आहेत. तोवर करा काय करायचं ते. आईनं वाडगंभर खाल्लं तर डॉक्टरांशी मी बोलते, शिंपीणमावशींनाही पुन्हा डब्याचं विचारू. पण नाही खाल्लं तर मी तिला नेणार, आणि मग तुम्ही मध्ये पडायचं नाही."

"नाही पडणार," बल्लव म्हणाला.

त्यानं सगळ्यात लहान पातेलं घेतलं, ज्याला तो मांजराचं म्हणाला होता ते. एक गाजर, एक बटाटा, अर्धा कांदा. एवढ्याशा भाजीपुढे त्याचे हात अवघडले, सुरी मोठी वाटू लागली. मीठ त्यानं चमच्याच्या टोकावर घेतलं आणि टाकण्याआधी लेकीला दाखवलं. तिनं मान हलवली, तर त्यातलंही थोडं कमी केलं. उकळी आल्यावर पळीतलं थोडं तळहातावर घेतलं. हात तोंडाकडे नेताना मनगट आपोआप आखडलं. मग त्यानं ते चाटलं. त्याला ते चांगलं लागलं, फारच चांगलं लागलं. म्हणूनच त्याचा त्यावर विश्वास बसेना.

वाडगं घेऊन तो बायकोपुढे बसला. या वेळी त्यानं चमचा तिच्या हातात दिला. लेक दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. बायकोनं चमचा भरला, फुंकर घातली, तोंडात घेतला. सावकाश गिळला. दोघंही तिच्या तोंडाकडे बघत होते.

"छान," ती सवयीनं म्हणाली.

बल्लवानं मान खाली घातली. "मी कुठं जात नाही," तो म्हणाला. "काहीही म्हणालीस तरी जात नाही. खरं काय ते सांग."

बायकोनं त्याच्याकडे पाहिलं, मग लेकीकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. तिनं आणखी अर्धा चमचा घेतला आणि तो तोंडात घोळवला. मग चमचा वाडग्यात ठेवला आणि वाडगं दोन्ही हातांनी त्याच्याकडे सरकवलं. दारात लेकीनं डोळे मिटून घेतले.

"अळणी आहे," बायको म्हणाली. तिचा आवाज आधी चाचरत होता, मग नीट झाला. "पार अळणी. गाजर अजून दाताखाली येतंय. कांदा करपला होता, तो काढायचा सोडून तुम्ही तसाच घोटलात. आणि एवढं पाणी कुणी घालतं का?"

बल्लव वाडगं धरून बसून राहिला. आयुष्यात त्याचा असा पाणउतारा कुणी केला नव्हता.

"बघत काय बसलात?" ती म्हणाली. "जा, परत करून आणा. आणि लवकर आणा, मला भूक लागलीय."